रेषा कुठे वाकते

सकाळी साडेअकराच्या सुमारास पडद्यावरची रेषा वाकली.

तोवर ती फूटपट्टीने आखल्यासारखी तिरकी वर चढत होती. पडद्याचा मध्य यायच्या आधीच तिने मान टाकली आणि पुढे आडवी होत गेली.

"हे असंच पायजे काय वो?" माझ्या मागे उभ्या असलेल्या लीलाधर होडेकरने विचारलं.

"नाही. पण इतक्यात काही बोलू नका."

टेबलावर साबणाच्या डबीएवढा एक ॲल्युमिनियमचा डबा होता. खाऱ्या हवेने त्याचे स्क्रू पांढरे पडले होते. मच्छीमार सोसायटीच्या वायरलेस खोलीबाहेर लोखंडी खांब आहे, त्याच्या टोकाला अँटेनाखाली हा डबा बसवलेला असे. समुद्रातून येणारे क्षीण आवाज मोठे करून तारेने खाली खोलीत पाठवायचे, एवढंच त्याचं काम. त्याला ॲम्प्लिफायर म्हणतात. सोसायटीतले लोक नुसतं 'डबा' म्हणत, आणि त्या दिवशी मीही तेच म्हणत होते.

तेव्हा मी जिल्ह्याच्या गावी तंत्रनिकेतनात संदेशवहनाच्या प्रयोगशाळेची प्रमुख होते. स्पेक्ट्रम ॲनालायझर आसपास फक्त आमच्याकडे होता. त्यातच ट्रॅकिंग जनरेटर होता, म्हणजे एकाच यंत्रातून डब्यात सिग्नल घालायचा आणि डब्यातून काय बाहेर पडतं तेही त्याच यंत्रावर पाहायचं, अशी सोय होती. म्हणून ते तिघं माझ्याकडे आले होते.

तिघांपैकी लीलाधर हा सोसायटीचा वायरलेस ऑपरेटर. चाळिशीचा, बारीक चणीचा, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. दुसरे सोसायटीचे चेअरमन भिकाजी वासावे. आणि खिडकीपाशी स्टुलावर बसलेली कुंदा पावसे. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती स्वतःहून एसटीने आली होती.

दिवाळी सरत असताना 'जाखमाता' नावाची त्यांच्या गावची होडी बुडाली. तरंगत्या कशावर तरी आपटून तळाची फळी फुटली. होडीवर पाच माणसं होती. पाणी भरत असताना होडीच्या तांडेलाने, म्हणजे होडीवरच्या प्रमुखाने, वायरलेसवरून मदतीसाठी तीन वेळा हाका मारल्या. मग बॅटऱ्या पाण्याखाली गेल्या. बंदरावरून उत्तर आलं नाही. सकाळी दुसऱ्या होडीला चार जण जाळ्याच्या बोयांना धरून तरंगताना सापडले. पाचवा दीनानाथ पावसे, कुंदाचा नवरा. तो सापडला नाही.

त्या संध्याकाळी वायरलेस खोलीत लीलाधरची पाळी होती. हाक आलीच नाही, असं तो म्हणत होता. मी मारली, असं तांडेल म्हणत होता. दोघांपैकी एकजण खोटं बोलतोय असं धरून गावाने निकाल लावला. लीलाधर झोपला होता. सोसायटीने त्याला घरी बसवलं, आणि पोलिसांत तक्रार द्यायची की नाही हे कमिटीच्या पुढच्या बैठकीत ठरणार होतं. त्याआधी डबा तपासून घ्या, एवढंच लीलाधरने मागितलं होतं.

"डबा मी स्वतः पसंत करून आणलाय," आल्या आल्या वासाव्यांनी मला सांगितलं होतं. "त्याला काही धाड भरलेली नाही. पण ह्याचं समाधान होऊ दे. ह्याच्या कानाशी लग्नाचा बँड वाजवा, हा फक्त कूस बदलेल."

"तुमच्या भाषणात झोपलो असेन, चेअरमन," लीलाधर म्हणाला. "डुटीवर नाय."

कुंदा तेव्हा हसली नव्हती. रागावलीही नव्हती. "तपासा," एवढंच म्हणाली. "फुटका निघाला तर मी भावजींना बोल लावणार नाय. चांगला निघाला तर लावीन. मला कायतरी एक कळू दे."

आधी मी केबल एकमेकींना सरळ जोडून, मध्ये डबा न घालता, रेषा तपासली. मग डबा मध्ये घातला आणि अगदी हलका सिग्नल सोडला. तो शंभरपट होऊन बाहेर पडला. डब्यावर लिहिलं होतं तितकाच.

"झालं तर मग," म्हणत वासावे उठले. "शंभरपट म्हणजे शंभरपट. डबा ठणठणीत आहे."

लीलाधरने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या ओठावर घाम आला होता.

"बसा," मी वासाव्यांना म्हटलं. "ही अर्धीच तपासणी झाली. हलका आवाज ह्याला ऐकू येतो एवढं कळलं. आवाज वाढत गेला तर हा काय करतो ते अजून पाहायचंय."

"काय करणार? मोठ्याचा आणखी मोठा करणार."

"तसा करायला हवा. आत दुप्पट घातलं तर बाहेरही दुप्पट यायला हवं. शेवटपर्यंत त्याच हिशेबाने. तसं असेल तर पडद्यावर सरळ रेषा येते. प्रत्येक ॲम्प्लिफायर कधी ना कधी दमतो. हा कुठे दमतो ते बघायचं."

मी यंत्र एकाच फ्रीक्वेन्सीवर बांधलं, जिच्यावर होड्या संकटात हाक मारतात त्या सोळा नंबरच्या चॅनलवर, आणि ट्रॅकिंग जनरेटरची ताकद हळूहळू चढत जाईल असं लावलं. पडद्यावर डावीकडून उजवीकडे, आत जाणारा सिग्नल वाढत जाताना, बाहेर येणाऱ्याची रेषा वर चढू लागली. आणि साडेअकराला वाकली, फारच लवकर. चांगल्या डब्याची रेषा पडद्याच्या पार उजव्या कडेपर्यंत सरळ गेली असती.

"म्हणजे डबा खराब," लीलाधर म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "चेअरमन, बघितलंत? मी काय सांगत व्हतो?"

"यंत्र खराब असेल," वासावे म्हणाले.

"असू शकतं," मी म्हटलं.

"मॅडम!" लीलाधर जवळजवळ ओरडला. "तुमी पन?"

"ऐका. डब्यातून मोठा झालेला सिग्नल ह्या यंत्रात शिरतोय. तो यंत्रालाच झेपत नसेल तर यंत्र स्वतः वाकेल आणि नाव डब्याचं होईल. विद्यार्थी दर वर्षी हीच चूक करतात. ती वगळल्याशिवाय मी तुमच्या बाजूनेही लिहिणार नाही आणि त्यांच्याही."

"वगळणार कशी?"

"यंत्राच्या कानात बोळा घालून."

मी कपाटातून अटेन्युएटर काढला, बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा. तो सिग्नल ठरलेल्या प्रमाणात कमी करतो. डबा आणि यंत्र यांच्यामध्ये तो बसवला. आता यंत्राला पूर्वीच्या दहावा हिस्साच मिळणार होता. मगाचा बाक यंत्राचा असेल तर रेषा आता सरळ होऊन लांबपर्यंत जाईल. डब्याचा असेल तर आहे त्याच जागी वाकेल.

मी हे तिघांना सांगितलं, आणि सांगितल्यावर वाटलं की उगाच सांगितलं. लीलाधरने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. वासावे चष्मा पुसत पुढे आले. कुंदा स्टुलावरून उठली.

रेषा निघाली. ताकद कमी झाल्यामुळे खालून निघाली, पण तिरकी तशीच.

त्याच जागी ती वाकली.

मी पुन्हा एकदा लावून पाहिलं. अटेन्युएटर बदलून पाहिलं. वाकण्याची जागा हलली नाही.

"डब्याचा दोष आहे," मी म्हटलं.

लीलाधर मटकन बसायला गेला. स्टूल मागे सरकलेलं होतं, तो जमिनीवरच बसला असता; कुंदाने त्याचा दंड धरला. "सांभाळा, भावजी," ती म्हणाली. त्या सकाळी तिने त्याला पहिल्यांदाच हाक मारली होती.

"वयनी, मी बोल्लो व्हतो," तो म्हणाला. "मी बोल्लो व्हतो की नाय?"

"बोल्ला व्हतात."

वासावे मात्र गप्प बसणारे गृहस्थ नव्हते, आणि त्यांचा प्रश्न चुकीचाही नव्हता. "एक मिनिट, मॅडम. डबा मोठ्या आवाजाला दमतो, कबूल. पण तांडेलाची हाक मोठी कुठे होती? लांबून आलेली, बारीक. बारीक आवाज हा शंभरपट करतो असं तुम्हीच मगाशी दाखवलंत. मग ती का ऐकू आली नाही?"

त्याचं उत्तर मला ठाऊक होतं, आणि ते तोंडी सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं होतं. आमच्याकडे दोन जुने सिग्नल जनरेटर होते. ट्रॅकिंग जनरेटर बंद करून ते मी जोडले. आता डब्यात दोन सिग्नल जाणार होते. एक सोळा नंबरवरचा, अगदी हलका. होडीवरून आलेल्या हाकेसारखा. दुसरा शेजारच्या चॅनलवर. दुसऱ्याची ताकद मी शून्यावर ठेवली. पडद्यावर गवतासारखी खुरटी रेघ पसरली होती आणि तिच्यातून हलक्या सिग्नलचा एक कोंब वर आलेला स्पष्ट दिसत होता.

"ही हाक समजा," मी म्हटलं. "आता कुणीतरी जवळून, दुसऱ्याच चॅनलवर, मोठ्याने बोलतोय."

मी बटण फिरवत गेले. शेजारी दुसरा कोंब उगवला, वाढला, माडासारखा वर गेला. आणि पहिला बसत गेला. आधी अर्धा झाला. मग बोटभर उरला. मग गवतात गेला.

वासाव्यांनी चष्मा सारखा केला.

"मोठा आवाज डब्याची सगळी ताकद खातो," मी म्हटलं. "बारक्यासाठी काही उरत नाही. खाली खोलीत बसलेल्या माणसाला मोठा आवाजही ऐकू येत नाही, कारण त्याचा चॅनल वेगळा. त्याला वाटतं, सगळं शांत आहे."

"शांतच व्हतं," लीलाधर म्हणाला. "कायच नव्हतं."

कुंदा टेबलाजवळ आली. पडद्याकडे बघत म्हणाली, "तो बारका परत दाखवा."

मी बटण मागे फिरवलं. माड खाली आला आणि गवतातून पहिला कोंब पुन्हा वर आला.

"हा मगाशीपन हतंच व्हता? मोठ्याच्या मागं?"

"होता. तो येतच होता. डब्यातून पुढे जात नव्हता."

"आणि मोठा आवाज म्हंजे किती मोठा? मोठ्या बोटीचा?"

"तितका नको. हातातला छोटा सेटसुद्धा पुरे. फक्त जवळ हवा."

"किती जवळ?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेव्हा लीलाधर माझ्याकडे पाहत होता. मघाशी त्याच्या चेहऱ्यावर आलेला रंग पार उतरला होता. त्याने मान अगदी थोडी हलवली. ती नकारार्थी होती हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्या क्षणी कुंदाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं, जसं वर्गात देते.

"खांबाच्या आसपास. खांबाच्या बुडाशी असेल तर नक्कीच."

हे बोलून झाल्यावर पुढचं मला वासाव्यांकडून कळलं. ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते, आणि आपण कुठे चाललोय याची त्यांना कल्पना नव्हती.

"खांबाच्या बुडाशी म्हणजे… तिथे तर सगळेच उभे राहतात, मॅडम. होडीला उशीर झाला की सोसायटीचा हातसेट आम्ही त्या घरच्या माणसाला देतो. घरच्यांसाठी वेगळा चॅनल आहे, त्यावर बोलवा म्हणतो. बायका खांबाखाली जाऊन बोलतात. खांबाखाली उभं राहिलं की आवाज लांब जातो, असं आमच्याकडे म्हणतात. माझी आईसुद्धा तिथेच उभी राहायची." ते लीलाधरकडे वळले. "त्या संध्याकाळी सेट कुणाला दिला होतास रे?"

लीलाधर उठून उभा राहिला.

"कोनाला नाय."

"असं कसं? 'जाखमाता'ला उशीर झाला होता. घरचं कुणीतरी आलंच असेल."

"कोन आलं नाय. आलं असलं तरी मला काय ठावं?" त्याने शर्टाची कड खाली ओढली. "चेअरमन, मॅडम, दोघांनी ऐका. मी झोपलो व्हतो."

वासाव्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. "काय म्हणालास?"

"झोपलो व्हतो. दिवाळीचं जागरण झालेलं. खुर्चीत डोळा लागला. हाक आली असंल. मी ऐकली नाय."

"अरे, मघापासून डबा डबा करून डोकं उठवलंस, आता डबा फुटका निघाला तर म्हणतोस झोपलो होतो?"

"नोकरी वाचवायला म्हनत व्हतो. आता नाय म्हनत. लिवून घ्या."

"डोकं ठिकाणावर आहे ना? तक्रार होईल. पोलीस येतील."

"येऊ देत."

मी कुंदाकडे पाहिलं. तिचा एक हात टेबलावर होता, यंत्राच्या अगदी शेजारी. ती पडद्याकडेच बघत होती. पडद्यावर हलका कोंब होता, तिने मागितल्याप्रमाणे.

"लीलाधर," मी म्हटलं, "डब्यात दोष आहे हे मी लिहिणारच. तुम्ही काहीही म्हणालात तरी."

"लिवा. डब्याचं डब्याला. माजं मला."

"दोन्ही खरं असेलच असं नाही."

"असूं शकतं की," तो म्हणाला. "तुमीच म्हनालात ना मगाशी, यंत्राबद्दल?"

मी जोडण्या सोडल्या. पितळी तुकडा काढून कपाटात ठेवला. वासावे व्हरांड्यात जाऊन विडी ओढत उभे राहिले. लीलाधरने डबा गुंडाळून पिशवीत घातला. जाताना कुंदा दारापाशी थांबली आणि "येते" म्हणाली. दुपारच्या एसटीने तिघं परत गेली. बसमध्ये कोण कुठे बसलं, काय बोललं, मला माहीत नाही.

अहवालात मी लिहिलं की डबा हलक्या सिग्नलला ठीक आहे, पण ठरलेल्या पातळीच्या बऱ्याच आधी वाकतो, आणि जवळ जोरदार सिग्नल असल्यास लांबचा सिग्नल त्यातून पुढे जाणार नाही. तीन आलेख जोडले. कमिटीने अहवाल वाचला. जवळ जोरदार सिग्नल असल्याचा पुरावा नाही, आणि कर्मचाऱ्याने कबुली दिलेली आहे, असा निर्णय झाला. वासाव्यांनी तक्रार होऊ दिली नाही. तेवढं त्यांनी केलं. लीलाधरची नोकरी गेली. तो जाळी विणायला लागला. खांबावर नवा डबा आला आणि खांबाजवळ सेट वापरायला मनाई झाली. लोक पुढे धक्क्याच्या टोकाला जाऊन बोलू लागले.

याला एकोणीस वर्षं झाली. मी निवृत्त झाले. वासावे वारले.

गेल्या पावसाळ्यानंतर एका दुपारी कुंदा पावसे माझ्या घरी आली. पत्ता तिने तंत्रनिकेतनातून मिळवला होता. केस पांढरे झाले होते. सुके बांगडे आणले होते, कागदात बांधून. पाणी प्याली, आणि प्रस्तावना न करता बोलायला लागली.

"भावजी जागा व्हता, मॅडम. मी खांबाखाली आणि तो खिडकीत. सेट त्यानंच दिलेला. मी ह्यांना हाक मारायची, बटण सोडायची, आणि खिडकीत बघायची. तो कानाला हेडफोन लावून. मान हलवायचा. नाय म्हनून. परत मी हाक मारायची."

"किती वेळ?"

"काळोख पडेपर्यंत. त्याची मान दिसायची बंद झाली तेवा मी थांबले."

मी विचारलं, "तुम्हाला प्रयोगशाळेतच कळलं होतं?"

"तुमी बटण फिरवलंत आणि तो बारका खाली बसला, तेवाच."

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तेवा बोल्ले असते तर पोराला घेऊन मी कुठं गेले असते?" ती म्हणाली. "सगळ्या गावाच्या तोंडात एकच झालं असतं, बायकोनंच नवऱ्याची हाक बुडवली. त्यानं ते आपल्या अंगावर घेतलं, मी घेऊ दिलं. आता पोराचं लग्न झालं, नातवंड झालं. आता मी बोलनार. सोसायटीची सालाना सभा हाय. उभी ऱ्हाऊन बोलनार."

"लीलाधरला सांगितलंत?"

"त्याला सांगितलं तर तो बोलू देनार नाय."

तिने मला एकच गोष्ट विचारली. तो डबा खराब नसता, चांगला असता, तरी खांबाखालच्या सेटने हाक बुडाली असती का? मी खरं ते सांगितलं. कदाचित नाही. कदाचित थोडी. तो डबा समोर असल्याशिवाय आणि तोच सेट असल्याशिवाय ठामपणे सांगता येणार नाही. डबा कुठे आहे हे तिने सोसायटीत विचारलं होतं. कुणालाही माहीत नव्हतं.

सभा झाली. हल्लीच्या सेक्रेटरीने मला फोन करून अहवालाची प्रत मागितली, तेव्हा कळलं. कुंदा उभी राहिली, बोलली. लीलाधर होडेकरला निर्दोष ठरवावं आणि त्याचं नाव पुन्हा सोसायटीच्या कर्मचाऱ्यांच्या फलकावर लावावं, असा ठराव तिने मांडला. लीलाधर सभेला आलेला नव्हता. ठराव मंजूर करण्याआधी त्याला विचारावं, असं ठरलं, आणि दोघं जण त्याच्या घरी गेले.

तो ओटीवर जाळं दुरुस्त करत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. पावसे वयनींचं आता वय झालंय, त्यांच्या मनात काहीतरी बसलंय, असं तो म्हणाला. त्या संध्याकाळी खांबाखाली कुणी नव्हतं. आणि असतं तरी त्याला कसं कळणार, तो तर झोपला होता.

ठराव अजून तसाच पडून आहे.